दुसरी सही कुणाची?

८ जानेवारी २००३ च्या सकाळी अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावरून एअर मिडवेस्ट कंपनीचे १९ आसनांचे छोटे विमान उडाले आणि ३७ सेकंदांत त्याच विमानतळावरच्या एका हँगरवर कोसळले. दोन वैमानिक आणि १९ प्रवासी, सगळे २१ जण गेले. बीचक्राफ्ट १९०० डी जातीच्या या विमानाने धावपट्टी सोडली तेव्हापासून त्याचे नाक वर जात राहिले. वैमानिकांनी दांडा पुढे रेटूनही ते खाली येईना. शेवटी विमान ५४ अंशांपर्यंत उभे झाले, वेग संपला आणि ते पडले. नाक वर-खाली करण्याचे काम शेपटीवरची हलती फळी करते, तिला एलिव्हेटर म्हणतात. तो जितका खाली वळायला हवा होता त्याच्या साधारण निम्माच वळत होता. कारण दोनच रात्रींपूर्वी वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टन येथे, ठरलेल्या देखभालीत, एलिव्हेटरच्या केबलचा ताण वाढवताना, तो कमी-जास्त करणारे टर्नबकल चुकीचे फिरवले गेले होते.

असा अपघात झाला की पहिला प्रश्न येतो तो पाना कुणाच्या हातात होता. प्रश्न स्वाभाविक आहे आणि त्याचे उत्तरही बहुतेक वेळा सापडते. पण त्या उत्तराने पुढचा अपघात टळत नाही. देखभालीत माणसाकडून चूक होणार, हे गृहीत धरूनच विमानाच्या देखभालीची सगळी व्यवस्था उभी आहे. म्हणून तर एकाने काम करायचे आणि दुसऱ्याने तपासायचे असा दंडक आहे. चूक हँगरमध्येच अडते की प्रवाशांबरोबर हवेत जाते, हे त्या दुसऱ्या माणसावर ठरते. आणि तो दुसरा माणूस खरोखर दुसरा आहे की कागदापुरता, हे तो स्वतः ठरवत नाही. ते ठरवतो पाळ्या लावणारा, ठेका देणारा, विमान सकाळी किती वाजता हवे हे सांगणारा. माझ्या मते देखभालीतल्या दोषामुळे झालेल्या अपघाताची चौकशी तिथून सुरू व्हायला हवी.

हंटिंग्टनच्या हँगरमध्ये त्या रात्री काय झाले ते जवळून पाहू. केबलचा ताण ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरला. तो वाढवण्याचे काम ज्या मेकॅनिककडे आले त्याने या जातीच्या विमानावर हे काम आधी कधी केले नव्हते. ते शिकवायला गुणवत्ता निरीक्षक त्याच्या शेजारी होता. विमानाच्या पुस्तिकेत नुसता ताण वाढवण्याची अशी वेगळी कृती दिलेलीच नव्हती. एलिव्हेटरच्या संपूर्ण जुळणीची एक लांबलचक कृती होती आणि ताण वाढवणे हा तिचा एक भाग होता. सगळी कृती करायची गरज नाही, असे निरीक्षकाने ठरवले. नऊ पायऱ्या गाळल्या गेल्या. त्यांपैकी एक पायरी होती उड्डाणाची नोंद ठेवणाऱ्या यंत्राला एलिव्हेटरची स्थिती कळवणाऱ्या भागाची जुळणी तपासण्याची. ती केली असती तर आकडे जुळत नाहीत हे तिथेच लक्षात येण्याची मोठी शक्यता होती. मग काम झाले आणि ते तपासून सही करायची वेळ आली. सही करणारा तोच निरीक्षक.

या माणसावर त्या रात्री तीन भूमिका आल्या होत्या. तो शिक्षक होता, कोणत्या पायऱ्या गाळायच्या हे ठरवणारा ज्येष्ठ होता आणि काम पारखणारा परीक्षकही होता. तो निष्काळजी होता असे समजण्याची गरज नाही; कर्तव्यदक्ष माणूसही या जागी आंधळा होतो. ज्या निर्णयात आपण स्वतः सहभागी आहोत तो तपासायचा म्हणजे तासाभरापूर्वीच्या स्वतःवर संशय घ्यायचा. डोळ्यांना तेच दिसते जे मनाने आधीच बरोबर ठरवलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीनंतर ज्या शिफारशी केल्या त्यांतली एक नेमकी इथे बोट ठेवते: ज्या निरीक्षकाने मेकॅनिकला एखादे काम हाताखाली घेऊन शिकवले, त्याने त्या कामाची तपासणी करू नये. इतकी साधी गोष्ट लिहून ठेवायला २१ माणसे जावी लागली, याची मला राहून राहून चीड येते.

या प्रकरणातला दुसरा धडा अधिक भेडसावणारा आहे. बिघडलेल्या जुळणीनिशी हे विमान अपघातापूर्वी नऊ वेळा उडाले आणि नऊ वेळा सुखरूप उतरले. त्या उड्डाणांच्या वैमानिकांना काही वावगे जाणवले नाही, कारण एलिव्हेटर पूर्ण खाली वळवण्याची वेळच आली नाही. दहाव्या उड्डाणाला विमान भरलेले होते आणि वजन शेपटीकडे झुकलेले होते, मान्य मर्यादेच्याही बरेच मागे. कागदावरचा हिशोब मात्र मर्यादेत बसत होता, कारण प्रवाशांचे आणि सामानाचे वजन प्रत्यक्ष न मोजता सरकारमान्य सरासरीने धरले जात असे आणि अमेरिकी माणसाचे खरे वजन त्या सरासरीच्या पुढे गेले होते. शेपूट जड असलेल्या विमानाचे नाक दाबायला एलिव्हेटरची जी अर्धी शक्ती लागत होती, नेमकी तीच दोन रात्रींपूर्वी हिरावली गेली होती. वजनाच्या सरासरीतली चूक एकटी असती तर कदाचित खपून गेली असती, केबलची चूक नऊदा खपलीच होती. म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा युक्तिवाद हँगरमध्ये पुरावा म्हणून चालता कामा नये. विमानात सुरक्षिततेची राखीव जागा ठेवलेली असते, आणि चूक त्या राखीव जागेत दिवसेंदिवस लपून राहू शकते.

एका उदाहरणावरून नियम बांधणे बरोबर नाही, म्हणून आणखी दोन पाहू. ११ सप्टेंबर १९९१ रोजी टेक्सासमधल्या ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचे एम्ब्रेअर १२० जातीचे छोटे विमान हवेतच मोडले आणि त्यातले सर्व १४ जण मरण पावले. आदल्या रात्री आडव्या शेपटीच्या पुढच्या कडेवरची, बर्फ झटकणारी रबरी पट्टी बदलण्याचे काम निघाले होते. डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू काढले गेले आणि परत बसवलेच गेले नाहीत. ते काढले होते एका निरीक्षकाने. कामाला हात लागावा म्हणून तो मदतीला वर चढला होता. मग पाळी बदलली आणि अर्धवट कामाची माहिती एका तोंडून दुसऱ्या कानापर्यंत जाताना गळली. उजव्या बाजूचे काम पुढे सरकले, डावी बाजू तशीच राहिली. या विमानाची आडवी शेपटी उंच टोकावर असते, तिच्या वरच्या पृष्ठावरची उघडी छिद्रे जमिनीवरून दिसत नाहीत. सकाळी विमान एकदा जाऊन पोहोचलेसुद्धा. परतीच्या उड्डाणात ती कड उखडली. निरीक्षकाने केलेली मदत चांगल्या मनाने केलेली होती यात शंका नाही. पण पाना हातात घेताक्षणी त्या हँगरमधला एक तपासणारा कमी झाला आणि ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे आहे आणि ते विमान छोटे नव्हते, तरी देखभालीचा अभ्यास करणाऱ्याला ते टाळता येत नाही. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनसमोरची काच १७ हजार फुटांच्या वर निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने साउथहॅम्प्टनला विमान उतरवले आणि सगळे वाचले. काच बर्मिंगहॅमच्या हँगरमध्ये पहाटे बसवली होती, ती रात्रपाळीच्या प्रमुखाने स्वतः. ९० पैकी ८४ बोल्ट बारीक निघाले. फरक मिलिमीटरच्या दोन तृतीयांशाइतका. त्याने जुना बोल्ट नमुन्याला घेतला आणि नजरेने जुळवला. योग्य बोल्टचा क्रमांक भांडारातल्या माणसाने सांगितला होता. जुने बोल्टही चुकीचेच होते, पण आखूड असूनही त्यांनी काच वर्षानुवर्षे धरून ठेवली होती, म्हणून पारखलेल्या हाताला त्यांच्यावर भरवसा वाटला. आणि या कामाला दुसऱ्या माणसाची तपासणी नियमानेच लागत नव्हती, कारण काच ‘अत्यावश्यक’ भागांच्या यादीत नव्हती. पाळीतला सर्वांत वरचा माणूस काम करतो तेव्हा त्याला तपासणारा पाळीत कुणी उरत नाही.

तीन प्रकरणे, तीन कंपन्या, दोन देश. एका ठिकाणी तपासणाऱ्याने शिकवले, एका ठिकाणी त्याने स्वतःच काम केले, एका ठिकाणी तो नव्हताच. मेकॅनिकची चूक प्रत्येक वेळी वेगळी होती. पोकळ झालेली जागा मात्र एकच. शिवाय तिन्ही माणसे अनुभवी होती किंवा अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली होती. म्हणून ‘कुशल माणसे नेमा’ हा उपाय मला अपुरा वाटतो. कौशल्य हवेच, पण कुशल माणसाला वाटणारी खात्री ही तपासणीच्या दृष्टीने अडचण असते.

देखभाल हे काम मुळातच असे आहे की ते चुकीला जागा देते. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी हे दाखवायला एका बोल्टवर ओवलेल्या आठ नटांचे उदाहरण घेतले. प्रत्येक नटावर वेगळे अक्षर आहे आणि ते ठरलेल्या क्रमाने बसवायचे आहेत. काढण्याचा मार्ग एकच आहे. परत बसवताना मात्र ४० हजारांहून अधिक चुकीचे क्रम शक्य आहेत. सुटे करताना वस्तूच तुम्हाला वाट दाखवते, जोडताना ती गप्प असते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये काम करताना जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॅडिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याहूनही अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली. विमानांची ठरावीक तासांनी तपासणी होई. आणि अनपेक्षित बिघाड सर्वांत जास्त येत ते तपासणीनंतर लगेच, पुढे ते कमी होत जात. म्हणजे ठीक चाललेल्या यंत्रात हात घालण्याला स्वतःची अशी किंमत होती. याचा अर्थ देखभाल नको असा मुळीच नाही. शस्त्रक्रियेत धोका असतो म्हणून कुणी ती टाळत नाही, टेबलावर घेण्यापूर्वी आणि टाके घालण्यापूर्वी साधनांची मोजणी केली जाते. विमान देखभालीतून बाहेर पडते ती घटका सर्वांत सुरक्षित असते असा जो समज आहे, तो सोडून त्याच घटकेला सर्वांत कडक पाहणी ठेवावी लागेल, इतकेच.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे. सगळा दोष व्यवस्थेवर ढकलला तर हातात पाना असलेल्या माणसाला जबाबदारी उरत नाही आणि मेलेल्यांच्या घरच्यांना न्याय मिळत नाही. मी जबाबदारी काढून घ्या म्हणत नाही. जाणूनबुजून खोटी नोंद करणे, न केलेल्या कामावर सही करणे, हे गुन्हे आहेत आणि त्यांना तसेच वागवले पाहिजे. पण गुन्हा आणि चूक यांत फरक न करणारी शिक्षा हँगरमध्ये एकच गोष्ट शिकवते: लपवा. ज्या मेकॅनिकला रात्री घरी गेल्यावर ‘आपण ती पिन लावली का?’ अशी शंका येते, त्याने फोन उचलून विमान थांबवायला सांगावे असे वाटत असेल, तर त्या फोनची त्याला भीती वाटता कामा नये. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक करारातल्या अपघात-चौकशीच्या परिशिष्टानेही, चौकशीचा हेतू अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे हा नाही, असे स्पष्ट ठरवले आहे. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आणि कोर्टात काय होते तेही पाहावे. १९९६ मध्ये फ्लोरिडात व्हॅल्युजेटचे विमान पडून ११० जण गेले. विमानात चढवलेल्या ऑक्सिजन जनरेटरवर सुरक्षा टोपणे लावल्याच्या सह्या कागदावर होत्या आणि टोपणे लावलेली नव्हती. देखभाल कंपनीच्या ज्या दोन कर्मचाऱ्यांवर फौजदारी खटला उभा राहिला त्यांना ज्युरीने निर्दोष सोडले.

जबाबदारी वर नेली तर ती विरते असे नाही, उलट ती धरता येते. टेक्सासच्या अपघातात मंडळाच्या बहुमताने कारण लिहिले ते कर्मचाऱ्यांनी आणि निरीक्षकांनी कार्यपद्धती न पाळल्याचे. सदस्य जॉन लॉबर यांनी असहमती नोंदवली. सुरक्षिततेचा आग्रह धरणारी संस्थेची शिस्त व्यवस्थापनाने घडवली नाही, हेही कारणांत यायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते तो आग्रह आज अधिक पटतो. बारा वर्षांनी शार्लटच्या अहवालात मंडळाने हातभार लावणाऱ्या कारणांत कंपनीची देखरेख, तिची देखभाल-पद्धत, निरीक्षकाची चूक आणि खुद्द सरकारी नियामकाची ढिलाई अशी सगळी नावे घेऊन लिहिली. हंटिंग्टनचे काम एअर मिडवेस्टने दुसऱ्या कंपनीला ठेक्याने दिले होते आणि मेकॅनिक त्या ठेकेदाराला तिसऱ्याच कंपनीने पुरवलेला होता. अशा साखळीत प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. ज्याच्या नावावर तिकीट विकले गेले त्याला अहवालाने सुटू दिले नाही, हे महत्त्वाचे. २००५ मध्ये एका मृत तरुणीच्या आईवडिलांनी नेट धरल्यामुळे कंपनीने शार्लटमध्ये जाहीरपणे आपली जबाबदारी मान्य करून माफी मागितली. त्या आईवडिलांना मेकॅनिक नको होता. ज्यांनी तो हँगर तसा चालू दिला त्यांच्या तोंडून त्यांना उत्तर हवे होते, आणि ते मागणे रास्त होते.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो आपल्याकडे लगेच येईल. मोठ्या विमान कंपनीला दोन-दोन माणसे ठेवता येतात. चार-सहा सेसना घेऊन चालणाऱ्या प्रशिक्षण संस्थेला ते कसे परवडावे? महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, धुळे, नागपूर अशा ठिकाणी मुले विमान चालवायला शिकतात. त्यांची विमाने दिवसभर उतरतात आणि पुन्हा उडतात, चाकांवर आणि इंजिनांवर ताण येतो, ५० आणि १०० तासांच्या तपासण्या भराभर येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण काही काळ थांबवले. त्या अपघातांच्या कारणांवर इथे काही ठरवायचे नाही. पण उड्डाणाचे तास हेच ज्या धंद्याचे उत्पन्न आहे तिथे हँगरमध्ये उभे असलेले विमान तोट्याचे दिसते, आणि तो दाब शेवटी एएमईच्या, म्हणजे परवानाधारक देखभाल अभियंत्याच्या, खांद्यावर येतो, हे समजायला चौकशी अहवालाची वाट पाहावी लागत नाही. त्या विमानात बसणारा बहुधा वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असते. विमानात काय बिनसले आहे हे ओळखण्याइतका अनुभव त्यांना अजून यायचा असतो.

परवडण्याचे उत्तर असे की प्रत्येक स्क्रूला दुसरा माणूस लागत नाही. नियंत्रणाच्या केबल आणि सांधे, इंजिन, प्रोपेलर, इंधनाची व्यवस्था, अशी मोजकीच कामे आहेत की ज्यांतली एक चूक सरळ जीव घेते. नियंत्रण प्रणालीला हात लागला की दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्रपणे पाहायचे, हे आपल्या नियमांनाही परके नाही. प्रश्न त्या स्वतंत्रपणाला रक्तमांस देण्याचा आहे. एकाच तळावर दोन संस्था असतील तर एकीच्या एएमईने दुसरीचे काम पाहावे. बारामतीत हे अशक्य नव्हते आणि नाही. जिथे एकच संस्था आहे तिथे महिन्याच्या ठरावीक दिवशी बाहेरचा माणूस बोलावून मोठी तपासणी त्या दिवसाला बांधावी. खर्च येईल, तो शुल्कात दिसेल. वैमानिक व्हायला लाखो रुपये मोजणारे पालक विमान किती जुने आहे ते विचारतात, हँगरमध्ये किती एएमई आहेत हेही त्यांनी विचारायला लागावे.

तिसरा आक्षेप हँगरमधूनच येतो: कागद आधीच खूप झालेत, आणखी एक सही वाढवून काय होणार? या तक्रारीत मोठे तथ्य आहे. सह्या वाढल्या की प्रत्येक जण पुढच्या सहीवर विसंबतो आणि तीन सह्यांची मिळून एक सहीसुद्धा होत नाही. म्हणून मी सही वाढवा म्हणत नाही, पाहणे वाढवा म्हणतो. शार्लटच्या विमानात काम संपल्यावर कुणी कॉकपिटमधला दांडा पूर्ण पुढे ढकलला असता आणि मागे उभ्या दुसऱ्याने एलिव्हेटरचा कोन मोजून पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडला असता, तर तो अर्ध्यातच थांबतो हे तिथेच दिसले असते. काम संपल्यावर जीवनावश्यक प्रणाली प्रत्यक्ष पूर्ण चालवून पाहावी, अशीही मंडळाची शिफारस होती. केवळ उडवून पाहणे हा त्याला पर्याय नाही. नऊ उड्डाणांनी ती चूक पकडली नव्हती. आणि चाचणी उड्डाण ही स्वतः जोखीम असते. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी निघालेले किंग एअर जातीचे छोटे विमान घाटकोपरच्या जागृतीनगरात पडले तेव्हा विमानातले चौघे गेलेच, रस्त्याने चाललेला एक माणूसही गेला. त्या चौघांत दोन जण देखभालीचे होते. आपणच दुरुस्त केलेल्या विमानात बसावे लागेल या भीतीने माणूस अधिक जपून काम करील, असे काही जण सुचवतात. जिवाची भीती प्रत्येक मेकॅनिकला असतेच. न दिसलेली चूक तिने दिसू लागत नाही.

म्हणून महासंचालनालयाचे पथक एखाद्या प्रशिक्षण संस्थेत जाईल तेव्हा त्याने नोंदवही पूर्ण भरली आहे का, एवढेच पाहून परतू नये. गेल्या सहा महिन्यांची जॉब कार्डे काढावीत आणि नियंत्रण प्रणालीच्या प्रत्येक कामापुढे चार गोष्टी ताडून पाहाव्यात: काम कुणी केले, त्याला ते कुणी शिकवले, तपासले कुणी, आणि सहीनंतर किती वेळात विमान उडाले. पहिल्या तीन जागी तीच दोन नावे आलटून पालटून येत असतील आणि चौथ्या जागी अर्धा तास असेल, तर कार्डे कितीही स्वच्छ असोत, त्या दिवशी विमाने जमिनीवर ठेवावीत आणि खुलासा मेकॅनिककडे मागू नये, संस्थेच्या जबाबदार व्यवस्थापकाला बोलावून मागावा.